पिसे उडवणारा वारा

संत फिलिप नेरी यांच्याविषयी सांगितली जाणारी एक गोष्ट आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात लहानपणी ऐकलेली असते. दुसऱ्यांविषयी वाईटसाईट बोलण्याची सवय असलेली एक बाई त्यांच्याकडे पापनिवेदनाला येते. प्रायश्चित्त म्हणून ते तिला एक कोंबडी आणायला सांगतात आणि येताना वाटेत तिची पिसे उपटून टाकत यायला सांगतात. ती तसे करते. मग संत म्हणतात, आता त्याच वाटेने मागे जा आणि सगळी पिसे गोळा करून आण. बाई गोंधळते. पिसे तर वाऱ्याने केव्हाच चारी दिशांना नेलेली असतात.

या गोष्टीचे तात्पर्य आपल्या सर्वांना पाठ आहे : तोंडातून गेलेला शब्द परत घेता येत नाही, म्हणून जिभेला आवर घाला. तात्पर्य योग्यच आहे. पण गोष्टीतल्या एका पात्राकडे आपले कधीच लक्ष जात नाही. ते पात्र म्हणजे वारा. वारा नसता तर पिसे त्या बाईच्या पायांशीच पडून राहिली असती. तिने ती दहा मिनिटांत वेचून आणली असती. दोष बाईचा, हे खरे. पण गावभर पिसे नेली ती वाऱ्याने. आणि वाऱ्याला प्रायश्चित्त कुणीच सांगितले नाही.

बंधू-भगिनींनो, दर वर्षी प्रभूच्या स्वर्गारोहणाच्या सुमारास ख्रिस्तसभा जागतिक संपर्कमाध्यम दिन पाळते. ७ मे १९६७ रोजी तो पहिल्यांदा पाळला गेला. त्या दिवशी आपल्या बोलण्याचा सूर साधारण ठरलेला असतो. टीव्हीने घर बिघडवले, मालिकांनी सासू-सुनांमध्ये भांडणे लावली, बातम्यांच्या वाहिन्यांनी आरडाओरडा चालवला आहे, मोबाईलने मुले हातची गेली. या तक्रारी खोट्या नाहीत. पण त्यांत एक सोय आहे. प्रत्येक तक्रारीत आपण बिचारे असतो आणि माध्यमे गुन्हेगार असतात. माध्यमांतून आलेल्या खोट्या किंवा विषारी मजकुराचा समाजावर परिणाम होतो, तेव्हा त्याचा दोष फक्त तो तयार करणाऱ्याचा असतो का? ऐकणाऱ्याचा, मानणाऱ्याचा आणि पुढे देणाऱ्याचा त्यात काही वाटा असतो की नाही? आज या प्रश्नाचा थोडा विचार करू या.

त्यासाठी एका दूरच्या देशाकडे पाहावे लागेल. तो देश दूर असला तरी तिथली माणसे आपल्यासारखीच रविवारी मिस्साला जाणारी होती. आफ्रिकेतील रवांडा हा लहानसा डोंगराळ देश. तिथले बहुसंख्य लोक ख्रिस्ती आणि त्यांत कॅथॉलिकांचे प्रमाण मोठे. हुतू हा बहुसंख्य गट, तुत्सी हा अल्पसंख्य. दोघांची भाषा एक, टेकड्या एक आणि चर्चमधली बाकेही एकच. जुलै १९९३ मध्ये तिथे आरटीएलएम या नावाचे एक खाजगी रेडिओ केंद्र सुरू झाले. सरकारी रेडिओ रुक्ष होता. या नव्या केंद्रावर नाचरी गाणी होती, चुटके होते, श्रोत्यांशी गप्पा होत्या. लोकांना ते आवडले. दुकानात, रस्त्यावर, बियर पिताना तेच ऐकू येऊ लागले. या हसतखेळत चाललेल्या कार्यक्रमांत तुत्सी लोकांचा उल्लेख झुरळे असा होत असे. हे लोक आपल्याला गुलाम करणार आहेत, आपण सावध राहिले पाहिजे, असे पुन्हा पुन्हा सांगितले जात असे.

१९९४ साली ईस्टर ३ एप्रिलला होता. त्याआधीच्या झावळ्यांच्या रविवारी तिथल्या चर्चमध्येही प्रभूच्या दुःखसहनाचे वाचन झाले असेल. ६ एप्रिल रोजी, म्हणजे ईस्टरच्याच आठवड्यात, राष्ट्राध्यक्षांचे विमान पाडले गेले आणि कत्तल सुरू झाली. सुमारे शंभर दिवसांत अंदाजे आठ लाख माणसे मारली गेली. बहुसंख्य तुत्सी होते, आणि हिंसेला विरोध करणारे हुतूही त्यांत होते. आता रेडिओवर माणसांची नावे आणि लपण्याची ठिकाणे सांगितली जाऊ लागली. जीव वाचवण्यासाठी लोक चर्चमध्ये धावले. न्यामाता, न्तारामा, न्यारुबुये येथील चर्चमध्ये हजारोंच्या संख्येने आश्रय घेतलेल्यांना तिथेच मारण्यात आले. न्यामाता आणि न्तारामा येथील चर्च आज स्मारके म्हणून जपलेली आहेत. मारणाऱ्यांमध्ये बाप्तिस्मा घेतलेली माणसे होती. काही धर्मगुरूही दोषी ठरले. मार्च २०१७ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी रवांडाच्या राष्ट्राध्यक्षांना भेटून ख्रिस्तसभेच्या आणि तिच्या सदस्यांच्या पापांबद्दल देवाकडे क्षमा मागितली.

त्या रेडिओ केंद्राच्या संस्थापकांवर टांझानियातील आरुशा येथे आंतरराष्ट्रीय न्यायालयात खटला चालला. २००३ साली त्यांना दोषी ठरवण्यात आले. अपिलात शिक्षा कमी झाल्या, पण ते निर्दोष सुटले नाहीत. शब्दानेही माणसे मारता येतात, हे न्यायालयाने मान्य केले. इथवर सारे आपल्या नेहमीच्या समजुतीप्रमाणेच आहे : दुष्ट माध्यम आणि त्याला बळी पडलेला समाज.

पण पुढे अभ्यासकांनी यात आणखी खोल जाऊन पाहिले. स्कॉट स्ट्रॉस या अमेरिकन अभ्यासकाने तुरुंगात जाऊन शिक्षा झालेल्या सुमारे दोनशे जणांना विचारले, तुम्ही यात कसे आलात? त्यांतल्या बहुतेकांनी रेडिओचे नाव सांगितले नाही. शेजारी आले, गावातला पुढारी दारात आला, सगळे निघाले म्हणून मीही निघालो, असे त्यांचे उत्तर होते. डेव्हिड यानागिझावा-ड्रॉट या दुसऱ्या अभ्यासकाने टेकड्यांमुळे कोणत्या गावात रेडिओ ऐकू येत होता आणि कोणत्या गावात येत नव्हता, याचा हिशेब मांडला. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या अभ्यासानुसार हिंसेत सहभागी झालेल्यांपैकी सुमारे एक दशांश लोकांच्या सहभागाचे श्रेय त्या रेडिओकडे जाते. रेडिओ ऐकू येणाऱ्या गावांच्या शेजारच्या गावांतही टोळ्यांची हिंसा वाढलेली त्याला आढळली.

यातून काय निघते? रेडिओचा दोष कमी होत नाही. पण जिथे रेडिओच्या लहरी पोहोचल्या नाहीत तिथे माणसे पोहोचली. उरलेली वाट शेजाऱ्याच्या तोंडाने आणि पावलांनी पूर्ण केली. बाईने पिसे टाकली आणि वारा वाहत राहिला.

आणि त्याच देशात, त्याच हवेत, काही जणांनी वारा होण्याचे नाकारले. गिसेन्यी या गावात फेलिसिते नियितेगेका नावाची एक कॅथॉलिक व्रतस्थ स्त्री होती. ती स्वतः हुतू होती. तिने आपल्या केंद्रात तुत्सी लोकांना आसरा दिला. सैन्यात अधिकारी असलेल्या भावाने तिला तिथून निघून जाण्याचा निरोप पाठवला. या लोकांना सोडून मी येणार नाही, असे तिने त्याला कळवले. २१ एप्रिल १९९४ रोजी त्यांच्याबरोबर तीही मारली गेली. ज्या हवेत इतरांना शेजाऱ्यांमध्ये झुरळे दिसू लागली, त्याच हवेत तिला माणसे दिसत राहिली. तेव्हा माध्यमाचा परिणाम पावसासारखा सर्वांवर सारखाच पडतो, असे म्हणता येत नाही. आत घ्यायचे की दार लावायचे, हे काही प्रमाणात आपल्या हाती उरतेच.

रवांडा दूर आहे, असे वाटत असेल तर आपल्या राज्यात परत येऊ. १ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातील राईनपाडा गावाचा आठवडी बाजार. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी तिथे आले होते. त्या दिवसांत मुले पळवणारी टोळी फिरत असल्याचे संदेश मोबाईलवर सर्वत्र फिरत होते. एका मुलीशी बोलताना दिसले, एवढ्या कारणावरून जमावाने त्या पाचही जणांना ठेचून मारले. त्या वर्षी देशाच्या इतर भागांतही असेच बळी गेले. तेव्हा फिरणाऱ्या संदेशांबरोबर एक चित्रफीत असे. मोटारसायकलवरून आलेले दोघे रस्त्यात खेळणाऱ्या मुलाला उचलून नेताना तीत दिसत. ती फीत मुळात पाकिस्तानातील कराची येथे पालकांना सावध करण्यासाठी बनवलेल्या एका जनजागृतीपटाची होती. मूळ पटात ते दोघे मुलाला परत आणून सोडतात आणि मुलांची काळजी घ्या, असा फलक दाखवतात. तो शेवट कुणीतरी कापून टाकला. मुलांना वाचवण्यासाठी केलेली गोष्ट माणसांना मारण्याचे निमित्त ठरली. आणि ती पुढे पाठवणाऱ्यांत वाईट माणसे फारशी नसावीत. त्यांत काळजी करणाऱ्या आया होत्या, मामा होते, शिक्षक होते.

१६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे असेच घडले. चोर आणि मुले पळवणारे फिरत असल्याच्या अफवेतून जमावाने दोन साधू आणि त्यांच्या चालकाचा जीव घेतला. त्यानंतर दुसरी अफवा उठली. या हत्येला धर्माचा रंग देणारे संदेश फिरू लागले. काहींनी ख्रिस्ती मिशनऱ्यांकडेही बोट दाखवले. तेव्हा आपल्याला किती वेदना झाल्या! न केलेल्या पापाचा आळ अंगावर आला की कसे वाटते, हे आपल्या समाजाला कुणी शिकवायला नको. धर्मांतराच्या नावाखाली आपल्याविषयी काय काय पसरवले जाते, हे आपण जाणतो. मग दुसऱ्या समाजाविषयीचा तसाच संदेश आपल्या हाती येतो तेव्हा आपण काय करतो?

इथे मला माझी स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी एक प्रार्थनेचा संदेश आला. भारतात बौद्ध अतिरेक्यांनी काल रात्री वीस चर्च जाळली, आज रात्री ओलिसाबांग प्रांतातील दोनशेहून अधिक चर्च जाळण्याचा त्यांचा बेत आहे, सर्वांनी प्रार्थना करावी आणि हा संदेश पुढे पाठवावा, असा त्याचा आशय होता. आपल्यापैकी अनेकांनी तो वाचला असेल. जगभर तो वर्षानुवर्षे फिरतो आहे. रात्रीची जपमाळ आटोपली होती. मी अगदी भक्तिभावाने तो पुढे पाठवला. मग एका ओळखीच्या मुलाने साधा प्रश्न विचारला, हे ओलिसाबांग कुठे आले? मी नकाशा काढून बसलो. भारतात ओलिसाबांग नावाचा प्रांतच नाही. सगळेच खोटे होते.

मला पहिल्यांदा हसू आले. मग थोड्या वेळाने लाज वाटली. महाराष्ट्रात आपले कितीतरी शेजारी बौद्ध आहेत. ज्यांच्याबरोबर आपण शाळेत बसलो, कारखान्यात पाळी केली, लोकलमध्ये उभे राहिलो, त्या माणसांविषयी मी माझ्या नात्यागोत्यात खोटी साक्ष देऊन बसलो होतो. तीही प्रार्थनेच्या नावाने! आठव्या आज्ञेचा भंग करताना माझ्या हातात जपमाळ होती.

यावर एक सहज बचाव सुचतो. मी कुठे लिहिले? आले ते पुढे ढकलले. हेतू चांगला होता. हा बचाव आपण नीट तपासून पाहू. संत थॉमस अक्विनास यांनी तेराव्या शतकात हाच प्रश्न घेतला होता : निंदा नुसती ऐकून घेणाऱ्याला पाप लागते का? त्यांचे उत्तर सरसकट नाही. ज्याला ती निंदा ऐकून आनंद होतो, तो निंदा करणाऱ्याइतकाच दोषी असतो, कधी कधी अधिक. जो भीतीने, संकोचाने किंवा निष्काळजीपणाने विरोध करत नाही, त्याचा दोष बराच कमी. पण तोही पूर्ण सुटत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी संपर्कमाध्यमांविषयीचे फर्मान प्रसिद्ध केले. त्यातही लेखक आणि निर्मात्यांच्या आधी वाचक, प्रेक्षक आणि श्रोते यांचे कर्तव्य सांगितले आहे, कारण काय स्वीकारायचे ही निवड ते स्वतः करतात. ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षण ग्रंथ तर याहून पुढे जातो. पुरेसा आधार नसताना शेजाऱ्याचा दोष मनातल्या मनात खरा मानणे, हाही त्याच्या सन्मानाविरुद्धचा अपराध आहे, असे तो शिकवतो. म्हणजे बटण दाबण्याच्या आधीच, विश्वास ठेवण्याच्या क्षणी, विवेकाचे काम सुरू झालेले असते.

चांगल्या हेतूचे मोल आहेच. पण औषध देताना बाटलीवरचे नाव न वाचणारी आई चांगल्या हेतूनेही मुलाला अपाय करते. जिथे दुसऱ्याच्या जिवाचा किंवा अब्रूचा प्रश्न आहे, तिथे काळजी न घेणे हाच दोष होतो. आणि आपण मनाशी प्रामाणिक असू, तर हेही कबूल करावे लागेल की प्रत्येक वेळी हेतू तितका निर्मळ नसतो. जी गोष्ट आपल्याला आधीपासूनच खरी असावीशी वाटते, तिचा पुरावा आपण मागत नाही.

मग काहीच बोलू नये का? तसेही नाही. गप्प बसणे हा नेहमीच सद्गुण नसतो. अन्याय झाला असेल तर तो सांगितलाच पाहिजे. संत टायटस ब्रँड्स्मा हे हॉलंडमधील कार्मेलाईट धर्मगुरू, प्राध्यापक आणि पत्रकार. नाझींनी देश व्यापल्यावर कॅथॉलिक वृत्तपत्रांवर त्यांचा प्रचार छापण्याची सक्ती झाली. जानेवारी १९४२ मध्ये फादर टायटस महागुरुस्वामींचा आदेश घेऊन एकेका संपादकाला प्रत्यक्ष जाऊन भेटले. हे छापू नका, असे त्यांनी सांगितले. त्याच महिन्यात त्यांना अटक झाली आणि २६ जुलै १९४२ रोजी डाखाऊच्या छळछावणीत त्यांना विषारी इंजेक्शन देऊन मारण्यात आले. १५ मे २०२२ रोजी त्यांना संतपद देण्यात आले. त्याच दिवशी आपल्या भारताचे देवसहायम हेही संत घोषित झाले. फादर टायटस यांनी प्राण दिला तो अशा एका गोष्टीसाठी, जी आपल्याला रोज करता येते : खोटे पुढे जाऊ न देणे. आपल्याला त्यासाठी छावणीत जावे लागत नाही. फक्त अंगठा थांबवावा लागतो.

या थांबण्याला एक साधी कसोटी आहे. या मजकुराखाली मी माझे नाव, घरचा पत्ता लिहून सही करीन का? ज्याच्याविषयी हे लिहिले आहे तो माझ्या ओटीवर बसलेला असताना मोठ्याने वाचून दाखवीन का? उत्तर नाही असेल, तर तो माझ्यापाशीच थांबावा. राईनपाड्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सअॅप कंपनीने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा घातली. यंत्र एवढेच करू शकते. पाच जणांना पाठवलेले खोटेही खोटेच असते.

आणि आधी पाठवून झालेल्याचे काय? धर्मशिक्षण ग्रंथ सांगतो की सत्याविरुद्धच्या अपराधाची भरपाई करण्याचे कर्तव्य क्षमा मिळाल्यावरही उरते. मी तो ओलिसाबांगचा संदेश तेव्हा फक्त माझ्या फोनमधून पुसून टाकला होता. ज्यांना पाठवला त्यांना काहीच कळवले नव्हते. पुसणे म्हणजे पश्चात्ताप नव्हे. पुढे बऱ्याच काळाने मी त्या सर्वांना लिहिले की तो मजकूर खोटा होता आणि चूक माझी होती. दोन ओळी लिहायला अर्धा तास लागला. तिघांनी उत्तर दिले. बाकीची पिसे कुठवर गेली, हे मला माहीत नाही. पापनिवेदनाला जाताना आपण राग, आळस, मिस्सा चुकवणे हे सारे आठवतो. मी काय पाहिले, काय मानले आणि काय पुढे पाठवले, हेही आता त्या यादीत असायला हवे.

शेवटी पुन्हा झावळ्यांच्या रविवाराकडे. त्या दिवशी दुःखसहनाच्या वाचनात जमावाचे शब्द आपल्या सर्वांना म्हणावे लागतात. बरब्बाला सोडा, अशी मागणी करण्यासाठी मुख्य याजकांनी लोकांना चिथावले, असे संत मार्क लिहितात. चिथावणारे थोडे होते, ओरडणारे पुष्कळ. त्या गर्दीत कुणाचेही नाव नोंदलेले नाही, आणि आपण दर वर्षी आपला आवाज तिला देतो. पण शुभवर्तमान तिथे थांबत नाही. पन्नास दिवसांनी त्याच नगरीत पेत्र लोकांना सांगतो की ज्याला तुम्ही क्रुसावर दिले तो जिवंत आहे. तेव्हा ऐकणाऱ्यांच्या अंतःकरणाला ते भिडले आणि आता आम्ही काय करावे, असे त्यांनी विचारले. त्या दिवशी सुमारे तीन हजार लोकांनी बाप्तिस्मा घेतला, एकेकाने आपल्या नावाने.

आपल्याला ओरडण्याची सवय लावणारे पुष्कळ आवाज आज घराघरांत आहेत. पेत्राच्या श्रोत्यांसारखे थांबून विचारण्याचे धैर्य प्रभूने आपणा सर्वांना द्यावे. आज संध्याकाळच्या जपमाळेनंतर मोबाईल हातात घेण्याआधी आपण त्याच्याकडे एवढेच मागू या.